झऱ्यावरून जाणारी वाट

आमचं गाव माळावर आणि निपाणी खाली. मधला उतार मैलभराचा. गाडीरस्ता पाच मैलांचा वळसा घालून जायचा, म्हणून डोक्यावर टोपली घेतलेली बाई असो की सायकलला दुधाच्या किटल्या अडकवलेला गडी, सगळे उतारावरच्या एकाच वाटेनं जायचे. वाट नाकासमोर सरळ खाली. ती कुणी आखली नव्हती. गुरांनी पाडली, माणसांनी मळली आणि पाण्यानं खाल्ली. निपाणीच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून लागले तेव्हा आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती आणि त्या वाटेची घळ झाली होती. काही ठिकाणी दोन्ही बाजूंची माती माझ्या कमरेला लागायची. समोरून कुणी आलं तर एकानं मागं सरायचं, आणि कुणी सरायचं हे गावात जन्मलेल्या प्रत्येकाला न सांगता ठाऊक होतं.

माझी आई बिड्या वळायची. आमच्या वस्तीतल्या बहुतेक बायका वळायच्या. वळलेला माल सकाळी निपाणीला नेऊन द्यायचा, तंबाखू आणि पानं घेऊन परत चढायचं. एका सकाळी आई माझ्या मागं दहा पावलं होती. तिच्या मागून सायकल आली. उतरताना ब्रेक लागला नाही, चाक घळीतल्या चाकोरीतून निघेना, आणि आईला बाजूला व्हायला बाजूच नव्हती. सायकल तिच्या पाठीत बसली. ती उजव्या हातावर पडली. बिड्या मातीत, त्यांच्यावर दूध.

दूधवाला आमच्याच गावचा, शेतकरी घरातला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. उठल्या उठल्या त्यानं आधी किटली उचलली.

"मगाधरनं ओरडालोय न्हवं! कान फुटलं का तुजं?"

आई मनगट धरून मातीत बसली होती. मी म्हणाले, "ती कुठं जाणार होती? मातीत शिरणार होती का?" त्यानं माझ्याकडे बघितलं आणि सायकल सरळ करून निघून गेला.

मनगट मोडलं होतं. हाडवैद्यानं कामट्या लावून बांधलं, पण ते वाकडंच जुळलं. बिडी वळणाऱ्या बाईचं उजवं मनगट म्हणजे काय, ते आमच्याकडं लहान पोरीलाही कळतं. पानाची कड दुमडताना आईचा अंगठा थरथरायचा, बिडी सैल व्हायची, आणि कारखान्यात तिचा निम्मा माल छाट म्हणून बाजूला फेकला जायचा.

चौथ्या दिवशी दूधवाला आमच्या दारात आला. मापभर दूध आणलं होतं. आईनं पातेलं पुढं केलं. त्यानं वीतभर उंचीवरून धार सोडली, म्हणजे माप पातेल्याला लागू नये. थेंब उडून आईच्या पायावर पडले. असं त्यानं पंधरा दिवस दूध घातलं. मी आईला म्हणाले, "नको घेऊस. ओतून दे मोरीत." आई म्हणाली, "त्येला वाईट वाटलंय गं. येतोय तर येऊ दे." मी ते दूध कधी प्यायले नाही.

वाटेसाठी मी अर्ज लिहिला. कचेरीतल्या कारकुनानं कागद वरून खालपर्यंत पाहिला आणि परत सरकवला. "कन्नडदाग बरकोंड बर्री." कन्नडात लिहून आणा. मी शाळेतल्या कन्नड गुरुजींकडून लिहून घेतला आणि पुन्हा गेले. या वेळी त्यानं नकाशा काढला. नकाशात वाट नव्हती. नसलेली वाट दुरुस्त कशी करणार, असं तो म्हणाला, आणि हे सांगताना तो हसला.

मग मेजर आले. आमच्याकडं फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. हे हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. बेळगावच्या कॅम्पात भरती झालेले, पुढं सगळी नोकरी डोंगरात वाटा नि पूल बांधणाऱ्या तुकडीत काढलेली. तेही शेतकरी घरातले. अर्जाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. ते शाळेच्या फाटकाशी उभे राहून म्हणाले, "बाई, कागद कशाला लिवतीस? वाट हलवता येती की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला उतारावर नेलं. आम्हाला म्हणजे मला, वस्तीतल्या सात-आठ बायकांना, तीन-चार पोरांना आणि तितक्याच दूधवाल्यांना. आईला पाडणाराही त्यात होता. मेजरनी घळीत किटलीभर पाणी ओतलं. पाणी सुसाट खाली गेलं आणि जाताना माती घेऊन गेलं. "बघितलासा? उतार सरळ, वाट सरळ. सायकलीचं चाक चाकोरी पाडतंय, पाणी चाकोरी धरतंय. खोल झाली की मानसं कडंनं चालत्यात, मग कडा ढासळत्यात. हितं नुसती माती भरून उपेग न्हाय. वाट आडवी न्यायला पायजे, नागमोडी. आणि बाहेरच्या अंगाला जरा कलती ठेवायची, म्हंजे पानी वाटंवर ऱ्हात न्हाय, ओलांडून जातंय."

त्यांनी बांबूच्या तीन काठ्यांचा तिकोनी घोडा बांधला आणि वरच्या टोकाला दोरीनं दगड लोंबता सोडला. आडव्या काठीवर खुणा. घोडा उतारावर उभा केला की दोरी कुठल्या खुणेवर येते त्यावरून चढ किती ते कळायचं. "ह्या खुणंच्या पल्याड दोरी गेली की तिथं वाट काढायची न्हाय. पानी खातंय." ते पुढं सरकत, मी मागून चुन्याचं बोट उमटवत जायची. मला ते काम इतकं आवडलं की रात्री डोळे मिटले तरी चुन्याचे ठिपके दिसायचे. पाच वळणं येणार होती.

पाच रविवार आम्ही खणलं. सकाळचा रतीब घालून दूधवाले यायचे, आम्ही भाकरी बांधून यायचो. पुरुष पहार नि कुदळ मारायचे, बायका पाट्या भरायच्या, खालच्या अंगाला दगडांचा ताल, म्हणजे बुटका बांध, रचायच्या. आई डाव्या हातानं पाटी ओढायची. जुन्या घळीत दगडांचे आडवे बांध घातले, वर बाभळीच्या काट्या टाकल्या, म्हणजे कुणी पुन्हा तिकडून उतरू नये. एकदा दूधवाल्याच्या कुदळीखाली मोठा दगड आला. आम्ही पाच जणींनी खांदे लावले, त्यानं पहार घातली. दगड सुटून गडगडत गेला तेव्हा सगळेच ओरडलो. त्या क्षणी मला वाटलं, हे आता असंच राहील.

वाटायला नको होतं. पाण्याच्या घागरी दोन होत्या. एक बाभळीखाली त्यांची, एक खडकापाशी आमची. पहिल्याच रविवारी मला त्या दिसल्या होत्या आणि मी बघूनही बघितलं नाही. काम चाललंय ना, म्हटलं, चालू दे. त्याचा राग मला अजून स्वतःवर येतो.

तिसऱ्या वळणाच्या पुढं एक झरा होता. कातळातून पाणी यायचं, खाली दगडी कुंडी. वरचं गाव तिथं पाणी भरायचं. आमच्या वस्तीची विहीर वेगळी, तिचं पाणी मचूळ. मेजरनी आखलेली वाट झऱ्याच्या दहा-बारा हात वरून जात होती. चुन्याचे ठिपके तिथं महिनाभर पडून होते. कुणी काही बोललं नव्हतं. सहाव्या रविवारी कुदळी तिथं पोचल्या आणि आप्पा आले.

आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. पंच. मराठीत पाटी लावा म्हणून कचेरीपुढं मोर्चा निघाला की पुढं असणारे. माझ्याशी नेहमी गोड बोलायचे, आमच्या गावची मास्तरीण म्हणून. त्या दिवशीही गोडच बोलले.

"काम लई झ्याक केलासा. आता हितनं पुढं एक करा. ही वाट सायकलींना ठेवा. चालणाऱ्यांना दुसरी काढा, हितनंच खाली, झऱ्याकडच्या त्या खडकाच्या पल्याड. सायकल अंगावर येती, बाया पडत्यात. तुज्या आईचंच बघ की. दोन वाटा बऱ्या."

जातीचं नाव त्यांनी काढलं नाही. कुणीच काढलं नाही. गावची शेतकऱ्यांची माणसंसुद्धा त्याच वाटेनं चालत, पण त्या वेळी "चालणारे" म्हणजे कोण, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. झऱ्याच्या वरच्या अंगानं आमची पावलं जायची नव्हती. आणि त्यासाठी त्यांनी माझ्या आईचं मोडलेलं मनगट पुढं केलं होतं.

मी मेजरकडं वळले. "मेजर, खडकाच्या पल्याड घोडा लावा. दोरी कुठं येती बघू."

ते घोड्याला हात लावेनात.

"लावा की. तुम्हीच म्हणालासा, खुणेच्या पल्याड गेली की पाणी खातंय."

"चढ जरा उभा हाय," ते म्हणाले. "पण पावलांना चालतोय. सायकलीगत न्हाय."

"आमची पावलं काय लोखंडाची हायत?"

"बाई, ऐक. एवढं काम झालंय. आता मोडायचं का सगळं? हे झालं तर निदान एक वाट हुईल." त्यांचा आवाज खाली गेला होता. "पुढचं पुढं बघू."

मी दूधवाल्याकडं बघितलं. तो पहारीच्या टोकाला लागलेली माती अंगठ्यानं काढत होता. ती माती काढायला त्याला फार वेळ लागला.

आई पुढं आली. तिची पाटी मुरुमानं भरलेली होती. ती तिनं नव्या वाटेच्या मधोमध पालथी केली, पाटी झटकली आणि म्हणाली, "चला गं." बायका तिच्या मागं निघाल्या. आमची पोरंही कुदळी टाकून निघाली. मागून मेजर म्हणाले, "आक्का, असं करू नका." आई वळली नाही.

उरलेली वाट त्यांनी दोन रविवारांत पुरी केली. चालणाऱ्यांची वाट एका दुपारीत झाली. झाली म्हणजे काय, झुडपं तोडली आणि उभ्या उतारावर चार पायऱ्या कोरल्या. तिसऱ्या वळणावरच्या कातळावर चुन्यानं लिहिलं होतं: सायकल मार्ग. वर मराठीत, खाली कन्नडात. ज्या गावात दोन भाषांच्या पाटीवरून माणसं डोकी फोडून घ्यायची, तिथं एवढ्यापुरती दोन्ही भाषांची गरज सगळ्यांना पटली होती. मी ती अक्षरं वाचली आणि मला हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं.

वस्तीत एकच सायकल होती, माझ्या चुलत्याची. सोमवारी सकाळी मी ती मागून घेतली. मला चालवता येत नव्हती. आईची टोपली कॅरिअरला बांधली आणि हँडल धरून ढकलत निघाले. मागं आई, तिच्या मागं दहा बायका, डोक्यावर माल. तिसऱ्या वळणाशी बाभळीची फांदी आडवी टाकलेली होती आणि तिथं आप्पांचा पुतण्या उभा होता.

"कुठं?"

"निपाणीला."

"बायांची वाट तिकडं हाय."

"बायांची असंल. ही सायकल हाय." मी घंटी वाजवली. "वाच की कातळावर. सायकल मार्ग. दोनदा लिवलंय."

"तू हाईस सायकलवाली. ह्या मागच्या?"

"ह्या सायकलीबरोबर हायत. एवढी जड सायकल मी एकटी उतरवू व्हय?"

मागून एक बाई खुदकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या. त्याचा चेहरा तांबडा झाला. तो हात उगारून पुढं आला. मी सायकल आमच्या दोघांत आडवी धरली. मला भीती वाटत होती, हे खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त असं वाटत होतं की यानं एकदा मारावंच, म्हणजे जे आहे ते उघड तरी होईल.

तेवढ्यात वरून दूधवाले आले. चार-पाच सायकली ओळीनं थांबल्या. सगळ्यात पुढं तोच, आईला पाडणारा. वाट अडली होती, किटल्यांवर ऊन येत होतं. त्यानं एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा पुतण्याकडं.

"फांदी काढ," तो म्हणाला.

"अरं पण ह्या..."

"फांदी काढ म्हंतोय न्हवं. दूध नासाय लागलंय."

आणि मग स्वतःच उतरून त्यानं फांदी ओढून काढली. आम्ही गेलो. झऱ्याच्या वरून गेलो. वाट खरंच सुरेख झाली होती, पायाला उतार जाणवत नव्हता. आई खालच्या वळणावर पोचल्यावर म्हणाली, "चांगला हाय पोरगा." मी तिच्यावर ओरडले. म्हणाले, "त्याचं दूध नासत होतं म्हणून काढली फांदी. आपण नासलो असतो तर काढली असती का?" आई टोपली सावरून पुढं चालायला लागली. तिच्यावर मी ओरडायला नको होतं. पण जे म्हणाले ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

पुढचे दोन महिने रोज सकाळी तेच. कधी फांदी, कधी शिव्या. एकदा झऱ्यापाशी कुणीतरी वाटेवर शेण टाकून ठेवलं होतं. आम्ही रोज तिथूनच गेलो. मी तोवर सायकल चालवायला शिकले.

मग पाऊस लागला. चालणाऱ्यांच्या त्या उभ्या वाटेनं आठ दिवसांत पाणी धरलं. पायऱ्या वाहून गेल्या, चर पडला, आणि चरातलं पाणी खडकाला थडकून वळलं ते थेट कुंडीत उतरलं. गावाचं पिण्याचं पाणी लाल झालं. घागरीत बोटभर गाळ. नव्या नागमोडी वाटेवरून मात्र पाणी ओलांडून जात होतं, जागोजाग, शांतपणे, मेजरनी सांगितलं होतं तसंच.

मेजर आमच्या दारात आले. डोक्यावर पोतं पांघरलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. "बाई, ती वाट बुजवाय लागंल. बांध घालाय मानसं कमी पडाल्यात. वस्तीतली पोरं आली तर..."

"तुम्ही पाडलेली वाट तुम्ही बुजवा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गेले. मी दार लावून घेतलं. दाराशी आलेल्या माणसाला मी चहा विचारला नाही, असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

त्यांनी वाट बुजवली. पावसातच कातळावरची चुन्याची अक्षरं धुऊन गेली आणि ती पुन्हा कुणी लिहिली नाही. फांदी पडायची बंद झाली. चालणारे आणि सायकलवाले सगळे एकाच वाटेनं जायला लागले, जसं काही कधी वेगळं नव्हतंच. कुणी "चुकलं" म्हणालं नाही. पाणी लाल झालं नसतं तर आमच्या नाती आजही कडेच्या चरातून उतरल्या असत्या. आमच्या पावलांनी पाणी बाटतं म्हणणाऱ्यांचं पाणी त्यांच्याच कुदळीनं बाटवलं, तेव्हा कुठं ते गप्प झाले. त्यांना शरम वाटली असती तर माझा राग कधीच गेला असता. त्यांना फक्त तहान लागली होती.

पाच-सहा वर्षं गेली. वाट टिकली. आसपासच्या गावांतून लोक बघायला येऊ लागले, आणि एक दिवस बेळगावहून मोठे साहेब येणार, श्रमदान करणाऱ्यांचा सत्कार होणार, असं ठरलं. शाळेच्या पटांगणात मांडव घातला. मेजर, आप्पा आणि दूधवाले व्यासपीठावर. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, कारण मी बाई, मास्तरीण आणि वस्तीतली. एकाच खुर्चीत तिन्ही भागत होतं. छापील पत्रिकेत श्रमदान करणाऱ्यांची नावं होती. सतरा नावं. त्यांत एकही बाईचं नाव नव्हतं. आप्पांचं पहिलं होतं.

मी उठले आणि आमच्या बायकांची नावं घेतली. एकेक. आईचं शेवटी. मग म्हणाले, "ह्यांनी पाच रविवार माती वाहिली. सहाव्या रविवारी ह्यांना सांगितलं, तुमची वाट वेगळी. का सांगितलं, ते व्यासपीठावर बसलेल्यांना विचारा." साहेब पत्रिका उलटी-पालटी करून बघू लागले. आप्पा उठून गेले. मांडवात मागं बसलेल्या आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या. दूधवाल्यानं गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

कार्यक्रमानंतर मेजर मला शाळेच्या पायरीशी गाठायला आले. म्हातारे झाले होते.

"बोललीस ते खरं हाय," ते म्हणाले. "पण आज बोलाय नको हुतंस."

"मग कधी?"

ते उभे राहिले. मी थांबले, खरंच थांबले, कारण मला त्यांचं उत्तर हवं होतं. ज्या माणसानं मला डोंगर वाचायला शिकवला त्याच्याकडून हवं होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि फाटकाकडे चालायला लागले.

महिन्याभरात माझी बदली झाली, लांब खानापूरकडच्या एका शाळेत. तक्रार कुणी केली हे मी विचारलं नाही. कागद घेऊन घरी आले तेव्हा आई उंबऱ्यात बसून पानं कातरत होती. मी वाचून दाखवला.

"तू बोलल्याला वाईट वाटतंय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग रडतीस कशाला?"

"राग आलाय म्हणून."

तिनं कात्री खाली ठेवली. "कवा जायाचं? मी बी येती," ती म्हणाली, आणि आत जाऊन फळीवरची भांडी उतरवायला लागली.